लुगड्याच्या दोराचा आड

जोडे काढू नका मंडळी, हे देऊळ नव्हे. ज्यांनी हात जोडलेत त्यांनी मात्र खुशाल तसेच राहावे, ओंजळ पुढे लागणारच आहे. हा आड. याचा दोर बघा: काथ्याचा नाही, नायलॉनचा नाही. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या पिळून केलेला. शेजारी तो काळा दगड आहे, त्यावर बसू नका. दमला असाल तर उन्हात बसा, पोटं जरा उतरतील.

आमच्या पूर्वजांच्या शौर्याची ही हकिकत आहे. गाठीच्या तापाची साथ आली तेव्हा ते पळाले.

घरात उंदीर मरून पडू लागले तशी माणसं माळावर झोपड्या घालून राहायला गेली. जाताना त्यांनी गुरं नेली, जाती नेली, कोंबड्यांची डालगी नेली. दुखणाईत तेवढे घरात ठेवले. आणि आडाचा दोरही सोडून नेला, न जाणो, मागे ओढ्यापलीकडच्या कुणी पाणी बाटवलं तर!

मागे राहिलेल्यांत पाटलाची आई होती, सगुणाबाई. मोठी थट्टेखोर बाई. ओढ्यापलीकडे राहेल नावाची किरिस्ताव विधवा राही, तिला आडाला शिवायची बंदी. ती या दगडावर बसून वाट बघायची, कुणी वरून ओंजळीत धार धरली तर प्यायची. सगुणाबाई धार धरी आणि ऐन वेळी हात हलवी. पाणी कोपरावरून गळे, राहेलीची ओंजळ कोरडी. आडावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत. तेवढीच गावाला करमणूक, म्हणे.

आता सगुणाबाई ओसरीवर पडलेली, काखेत लिंबाएवढी गाठ, जीभ टाळूला चिकटलेली. पोटच्या लेकानं उशाशी तांब्या ठेवला होता, रिकामा. भरायची त्याला आठवण राहिली नसावी. पाटील फार कामाचा माणूस होता.

तिथं राहेल आली. अंगावरच्याखेरीज तिला एकच लुगडं, नाताळात पाद्रीबाबाच्या बायकोनं दिलेलं. ते फाडून, पिळून तिनं दोर केला होता.

“बाटवतेस का गं मला?” सगुणाबाई म्हणाली.

“आधी जगा आईसाहेब, मग सवडीनं बाटा.”

“तुझं काय अडलंय इथं?”

“पाद्रीबाबा सांगतो, शेजाऱ्यावर माया करा. आता माझे शेजारी तुम्हीच. दुसरे कुठून आणू?”

राहेलीनं धार धरली. सगुणाबाईला वाटलं, आता ही हात हलवील. आपण तर हमखास हलवला असता. पण धार जागची ढळली नाही. सगुणाबाई घटाघटा प्याली, आणि पिता पिता तिला राहेलीचा राग आला. असा राग उपकाराशिवाय येत नाही.

राहेल घरोघर हिंडली. पाणी पाजलं, घाण काढली, मेलेल्यांना माती दिली. बरीच माणसं वाचली.

साथ ओसरल्यावर गाव परतलं. आडावर लुगड्याचा दोर पाहून पाटलानं सगळ्यांना जमवलं आणि विचारलं, हिच्या हातचं पाणी कोण कोण प्यालं? कुणीच नाही! इतकी तापाची माणसं थेंबाविना जगली, असा चमत्कार कुठल्या पोथीत सापडायचा नाही. सगुणाबाईनंही मान हलवली. हो म्हटलं तर सून चुलीपाशी फिरकू देणार नव्हती.

राहेलीनं एकेकाकडे पाहिलं. मग म्हणाली, “खरंय त्यांचं. पाणी मी माझ्यासाठी काढलं. मीच प्याले.”

पाटलानं आडात गोमूत्र ओतवलं, तिचा दोर बाभळीवर फेकला आणि निवाडा दिला: यापुढं हिला वरूनही पाणी घालायचं नाही, जो घालील तो हिच्या हातचं पाणी प्यालेला समजू.

राहेलीच्या काखेत तेव्हाच गाठ उठली होती. ती या दगडावर येऊन बसली. आड भरलेला. बायका आल्या, घागरी भरून वळसा घालून गेल्या. ती ओंजळ धरून बसली होती. “घोटभर घाला हो, आईसाहेब,” एवढंच म्हणे. समोरच्या ओसरीवर सगुणाबाई तांदूळ निवडत होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. हाक बारीक होत गेली. ती थांबली तेव्हा सगुणाबाई तांब्या घेऊन उठली.

तिनं राहेलीच्या उघड्या तोंडात धार धरली. हात तसूभर हलला नाही. पाणी गालांवरून दगडावर वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आड शुद्ध झाला म्हणून गावजेवण होतं. सगुणाबाई स्वतः आमटी करायला बसली. गाव भुरके मारून जेवलं. भटजींनी दोनदा मागून घेतली. पाटलानं ढेकर दिल्यावर म्हातारीनं पंगतीच्या मधोमध ओला दोर आणून टाकला, लुगड्याचा.

“आमटीचं पाणी याच दोरानं काढलंय,” ती म्हणाली. “मी तिच्या हातचं प्याले, तुम्ही तिच्या दोराचं. आता घाला मला वाळीत. पण घालणारा कोण उरलाय, ते आधी बघा.”

कुणी मागे ओकायला गेलं, कुणी पुढचा घास गिळावा की नाही या विचारात बसलं. वाळीत मात्र कुणी कुणाला घातलं नाही. मग वाचलेल्यांपैकी एकीनं आपल्या लुगड्याची पट्टी फाडून त्या दोराला जोडली. मग दुसरीनं. शेवटी सगुणाबाईच्या सुनेनं.

आजही दोर झिजला की घराघरातून पट्ट्या येतात, देवळामागच्या आळीतून आणि ओढ्यापलीकडूनही. आजही इथं कुणी आपल्या हातानं पाणी पीत नाही. शेजाऱ्यानं धार धरायची, आणि हात हलवायचा नाही. आणि आजही पहिली घागर त्या दगडावर रिकामी करतात. दगड काही पाणी पीत नाही. ते गावाला ठाऊक आहे.