छिन्नीला घाबरलेला कोबा

अवजारं माणसांसारखी बोलत, त्या काळची गोष्ट. एका गॅरेजपुढचा सिमेंटचा कोबा गाड्यांच्या वजनाने फुटला होता. दरवर्षी थापी येऊन वरून मऊ हाताने सिमेंट-वाळूचा माल फिरवायची आणि पावसाळा सरला की थराचे पापुद्रे निघायचे. शेवटी मालकाने बजावलं, “आता टिकला नाही तर सगळा उखडून टाकीन.”

या खेपेला थापीबरोबर छिन्नी आली. तिला पाहताच कोबा ओरडला,

“थापीताई, हिला आवरा! मी आधीच फुटलोय.”

“माझे लाडच तुला नडले रे,” थापी म्हणाली. “गुळगुळीत अंगावर माल धरत नाही.”

“पोकळ तेवढं काढते आणि बाकीच्यावर टाचे, म्हणजे बारीक खाचा, पाडते,” छिन्नी म्हणाली. “थराला पकड नको का, शहाण्या?”

कोब्याने श्वास रोखला. खपल्या निघाल्या, टाचे पडले. छिन्नी निघाली तेव्हा तोच हळूच म्हणाला, “छिन्नीताई, शटरखालचा कोपराही आतून पोकळ आहे. वरून दिसत नाही.”

छिन्नी हसून परत वळली. मग सगळं धुऊन, भिजवून थापीने थर दिला आणि त्यावर आठवडाभर पाणी साठवलं.

पुढचा पावसाळा सरल्यावर मालकाने पहारीने कोपरान् कोपरा ठोकून पाहिला. सगळीकडून भरीव आवाज आला. त्याने पहार भिंतीला टेकवली आणि गाडी आत घेतली.