पाटीच्या अलीकडची जांभळी

सह्याद्रीतल्या सदाहरित रानाची हद्द नुकतीच आखली होती, तेव्हाची ही गोष्ट. हद्दीवर एक पाटी उभी राहिली. पाटीशेजारच्या जांभळीवर झुपकी शेकरू आपल्या पिलांसह राहायची.

पाटी वाचायला तिनं वानरमामाला बोलावलं. शाळेच्या कौलांवर नाचून मामा दोन अक्षरं शिकला होता. त्यानं वाचलं, "येथून पुढे राखीव जंगल. झाडे तोडण्यास मनाई."

"आणि इथवर काय आहे, मामा?"

मामानं डोकं खाजवलं. "ते नाही लिहिलेलं."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाला आला. "ही पाटीच्या अलीकडची," असं म्हणत त्यानं जांभळीच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली. "उद्या हिलाच धरू."

झुपकीनं जांभळीची अलीकडची फांदी हुंगली, पाटीवरून पलीकडे गेलेली हुंगली. वास एकच, शेवाळही तेच. मग जंगल संपलं कुठं?

तिनं पाटीच्या खांबालाच विचारलं.

"मला काय विचारतेस, बाई?" पांगाऱ्याचा तो खांब म्हणाला. "मी पलीकडचाच, ओढ्याकाठचा. पाटीला सरळ खांब हवा म्हणून मला तोडलं, आणि ही मनाई माझ्याच छातीवर ठोकली."

झुपकीचं डोकं गरगरायला लागलं. पण पिलं तर वाचवायला हवी होती. मामाच्या सल्ल्यानं तिनं घरटं हलवलं आणि पाटीच्या पलीकडे, राखीव जंगलात, पक्कं बांधलं.

"आता कसली भीती नाही," मामा म्हणाला.

फांदी त्याच जांभळीची होती.