बोडीचं पाणी कोण पितं?

डोंगराच्या पायथ्याला, जंगलाच्या कडेला एक बोडी होती. बोडी म्हणजे मातीचं तळं, ना त्याला दगड लावलेला, ना चुना. त्यात शिंगाड्याचे वेल हिरवेगार तरंगायचे. काठावरच्या झोपडीत गजरी आणि तिची आंधळी मावशी राहायच्या. शिंगाडे भरले तर दोघींच्या पोटात काही पडायचं, नाहीतर उपास. पण बाई, यंदा पाऊस आटोपला नि बोडी रोज खाली खाली जायला लागली.

मावशी म्हणाली, "थोडं ऊन पितं गं. पण इतकं? खालून कुणीतरी पितंय. एकटी चिखलात उतरू नकोस हो!"

एकदा टळटळीत दुपारी, पानही हलत नव्हतं, तेव्हा गजरीला तळातून ऐकू आलं. गुटुक्... गुटुक्... तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच कुमुदाच्या पाकळीतून इवलीशी परी बाहेर आली. चतुर किड्यासारखे निळे-सोनेरी पंख, केसांत थेंबांच्या टिकल्या.

"एक मागणं पुरवीन," परी म्हणाली. "पण आधी पिणाऱ्याला बघायचं. न बघता मागितलं तर मिळायचं नाही."

"मला भीती वाटते गं!"

"वाटू दे की. तिलाही सोबत घे."

गजरी चिखलात उतरली, वाकली. परीने तिच्या डोळ्यांवरून पंख फिरवला. खाली मिट्ट काळोख! त्या काळोखात बारीक बारीक चंदेरी वाटा. काठच्या मोहाच्या झाडांच्या मुळांमधून पाणी उताराला निघालेलं, थेट खालच्या वाडीच्या विहिरीत. तिथे एक म्हातारी नातवाला पाणी पाजत होती. बाळ पीत होतं, गुटुक्, गुटुक्.

"तळ बुजवू?" परीने विचारलं. "मग एक थेंब जायचा नाही."

गजरीला रडूच फुटलं. वेल पिवळे पडत होते, घरी मावशी उपाशी होती. तरी ती म्हणाली, "नको गं. ते बाळ काय पिईल? जातं ते जाऊ दे. येतं ते जिथून येतं, तिथली वाट मोकळी कर."

"गुणाची माझी बाय ती! मातीच्या तळ्याला येणं-जाणं मातीतूनच. तळ बुजवला असता, तर डोंगरात मुरलेलं पाणीही बाहेरच अडलं असतं."

डोंगराच्या अंगाला चिखल एकदम बुडबुडला. गजरी किंचाळून मागे सरली. झरा! गार, झुळझुळता झरा! पाणी चढलं, वेल तरारले, सगळीकडे लख्ख उजेड झाला आणि त्या उजेडात परी विरून गेली.

"गजरे! अगं, का किंचाळलीस? कुठे आहेस?" मावशी घाबरून हाका मारत होती.

"पाण्यात आहे मावशी," गजरी ओरडली, "कमरेएवढ्या!"