सगुणाची राखण

फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी, वेळूच्या बनाला लागून एक गाव होतं. त्या गावात हरबा बुरूड आणि त्याची बायको सगुणा राहत असत. हरबा बनातून वेळू तोडून आणी आणि दोघं मिळून टोपल्या, सुपं आणि धान्य साठवायच्या कणग्या विणत. सगुणाची वीण इतकी घट्ट असे, की तिच्या टोपलीत पाणी घातलं तरी गळणार नाही, असं गावकरी गमतीनं म्हणत.

त्यांच्या शेजारी येसू नावाचा म्हातारा कुंभार एकटाच राहत होता. त्याची एक करडी मांजरी होती. ती व्याली, तिला तीन पिलं झाली, आणि नेमका त्याच वेळी येसूच्या लेकीचा सांगावा आला. लेक पहिलटकरीण होती, सासर लांब होतं, आणि बापानं जवळ असावं अशी तिची इच्छा होती.

येसूनं मांजरीला पिलांसकट एका पाटीत ठेवलं आणि तो सगुणाच्या दारात आला. "पोरी, हे जीव तुझ्या ओटीत घालतो," तो म्हणाला. "पिलांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून. मी येईपर्यंत तेवढं सांभाळ."

सगुणानं पाटी दोन्ही हातांनी घेतली. तिला मूलबाळ नव्हतं. आजवर कुणी तिच्याकडे दुधाचं भांडंसुद्धा राखायला दिलं नव्हतं, मग जिवंत जीव तर लांबच. दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर गेली, तेव्हा दोन बायका आपसात बोलत होत्या. देवानं जिची ओटी रिकामी ठेवली, तिच्या ओटीत येसूनं मांजर घातली, आता बघू काय दिवे लावते, असं काहीसं ते बोलणं होतं. सगुणानं ऐकलं आणि घागर न भरताच ती घरी आली. त्याच घडीला तिनं मनाशी ठरवलं, की काहीही होवो, या तिघांतलं एकही पिलू दगावता कामा नये.

तिनं मागच्या खोलीत एक नवी कणगी आडवी ठेवली. आत जुन्या लुगड्याची घडी अंथरली. मांजरीला दूधभात दिला. मांजरी जेवली, पिलांना पोटाशी घेऊन पडली आणि पिलं चुटूचुटू पिऊ लागली. इथवर सगळं नीट होतं.

पण सगुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. विणायला बसावं तर मन मागच्या खोलीत. ती घटकेघटकेला उठे, कणगीत हात घाली, एकेक पिलू उचलून त्याचा श्वास चालू आहे ना ते पाही. मांजरी आधी नुसती बघत राहिली. मग गुरगुरू लागली. एकदा तिनं सगुणाच्या मनगटावर नखं ओढली. सगुणानं त्यावर हळद दाबली आणि पुन्हा हात घातला.

अशातच छपरावर बोका दिसला. रानाच्या बाजूनं आलेला, रुंद डोक्याचा, पिवळा बोका. बोके पिलं मारतात हे तुम्हां आम्हांला ठाऊक आहे, तसं सगुणालाही ठाऊक होतं. तिनं झरोक्यात चिंध्या कोंबल्या, वळचणीची फट वेळूच्या कामट्यांनी बुजवली आणि दाराला बाहेरून कडी घातली.

आता खोलीत वाराही येईना. मांजरी भिंतीकडेनं फेऱ्या मारू लागली. मग तिनं एका पिलाला मानेशी धरलं आणि वेळूच्या ढिगामागे नेऊन ठेवलं. सगुणानं ते परत कणगीत आणलं. मांजरीनं दुसरं उचलून कोपऱ्यातल्या रांजणामागे नेलं. सगुणानं तेही परत आणलं. दोघींचं असं चाललं होतं. आई पिलांना नेत होती आणि राखणारी परत आणत होती. शेवटी सगुणानं मऊ दोरी घेतली, मांजरीच्या गळ्यात बांधली आणि दुसरं टोक कणगीला बांधून टाकलं.

त्या दिवसापासून मांजरीनं खाणं सोडलं.

दूधभाताला मुंग्या लागल्या. मांजरी भिंतीकडे तोंड करून पडून राही. पिलं तिला ढुसण्या देत, थानाला लुचत आणि रडत. आधी मोठ्यानं रडत, मग बारीक आवाजात, मग त्याहून बारीक. सगुणानं शेळीचं दूध आणलं, कापसाचा बोळा भिजवून पिलांच्या तोंडात पिळला. दोघांनी थोडं चोखलं. तिसऱ्याच्या ओठांवरून दूध तसंच ओघळलं. ते सगळ्यांत लहान होतं, पांढऱ्या पायांचं.

हरबा दारात उभा राहून हे पाहत होता. दोरी सोड आणि दार उघड, असं तो कितीदा तरी म्हणाला होता. आताही तेच म्हणाला.

"आणि बोका आत शिरला तर?" सगुणा म्हणाली. "गाव काय म्हणेल मला?"

"गाव काय पिलं पाजायला येणार आहे?" हरबा म्हणाला.

दुपारी सगुणा गावच्या सुईणीकडे गेली. सुईणीचं नाव अनसा. अर्ध्या गावाला तिनंच पहिल्यांदा हातात धरलं होतं. माणसांची बाळंतपणं सोडून मांजरीला बघायला बोलावलं, म्हणून ती रागावली नाही. पदर खोचून सगुणाबरोबर निघाली.

अनसा खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली. आत गेलीच नाही. तिनं बुजवलेला झरोका पाहिला, दोरी पाहिली, भिंतीकडे तोंड केलेली मांजरी पाहिली. मग सगुणाच्या मनगटावरचे ओरखडे पाहिले.

"धास्तावलेल्या बाळंतिणीचा पान्हा आटतो, सगुणा," ती म्हणाली. "माणसाची असो की मांजराची."

सगुणा घाईघाईनं सांगू लागली, की बोका टपलेला आहे, दार उघडं ठेवायची सोय नाही, येसूबाबाला शब्द दिलेला आहे, आणि पिलाला काही झालं तर पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अनसानं सगळं ऐकून घेतलं. तिला मधे तोडलं नाही.

मग तिनं विचारलं, "तू राखण कुणाची करतेस? पिलांची, की स्वतःच्या नावाची?"

सगुणाचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, "दार उघडलं तर पिलं वाचतील का, मावशी?"

"ते मी सांगू शकत नाही," अनसा म्हणाली. "बोका येणारच नाही असंही म्हणत नाही. पण या दोरीनं ती वाचणार नाहीत, एवढं मात्र सांगते."

ती गेली. सगुणा कणगीपाशी बसली. गाठ आवळून बसली होती, ती सोडवता सोडवता तिची नखं दुखली. दोरी गळून पडली. मग तिनं झरोक्यातल्या चिंध्या काढल्या, दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या उघडल्या आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

मांजरी बाहेर आली. तिनं सगुणाकडे पाहिलंही नाही. अंगण ओलांडून, कुंपणाखालून ती निघून गेली. एकटीच. पिलं आत राहिली.

हरबानं हातातला कोयता खाली ठेवला. दोघं अंगणातच बसून राहिली. उन्हं कलली, सावल्या लांबल्या, तरी मांजरीचा पत्ता नव्हता. आतून पिलांचं रडणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. सगुणा उठायला लागली की हरबा तिच्या खांद्यावर हात ठेवी. ती खाली बसे. पुन्हा उठे.

आणि छपरावर गवत खसखसलं. पिवळा बोका वळचणीला आला, क्षणभर थांबला आणि उघड्या दारासमोर त्यानं उडी टाकली.

सगुणा धावली. पण अंगण मोठं होतं आणि बोका उंबऱ्यावर पोचला होता. तेवढ्यात कुंपणाखालून करडी मांजरी बाणासारखी आली. दोन-तीन दिवसांची उपाशी, हाडं निघालेली ती मांजरी आपल्या दुप्पट बोक्याच्या तोंडावर तुटून पडली. धूळ उडाली, केस उडाले. सगुणानं हाताला लागली ती अर्धवट विणलेली टोपली उचलली आणि बोक्यावर फेकली. हरबा काठी आपटत आला. बोका फिरला, कुंपणावरून उडी मारून बनात पळाला.

मांजरीचा कान फाटला होता. ती आत गेली. सगुणाला वाटलं, आता ती पिलांजवळ पडेल. पण मांजरी एक पिलू तोंडात धरून बाहेर आली. सगुणाच्या पायाजवळून ती गेली. हात लांबवला असता तर पिलू हाती आलं असतं. सगुणानं हात पदरात गुंडाळून घेतले.

मांजरीनं अंगण ओलांडलं आणि येसूच्या बंद घराच्या भिंतीला एक भगदाड होतं, त्यातून ती आत शिरली. थोड्या वेळानं परत आली. दुसरं पिलू घेऊन गेली. मग मात्र आली नाही.

दिवेलागण झाली. सगुणा खोलीत गेली. पांढऱ्या पायांचं पिलू लुगड्याच्या घडीवर एकटंच पडलं होतं. ते गार झालं होतं. तिनं त्याला उराशी धरलं, पदराची ऊब दिली, चुलीजवळ बसून त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. पिलू हललं नाही. हरबानं घरामागच्या परड्यात खड्डा केला. त्यानं माती लोटली, तेव्हा सगुणा उभी होती. रडली नाही.

रडली नाही, पण तिच्या मनात जुनं भय पुन्हा जागं झालं. एक गेलं. उरलेली दोन त्या ओसाड घरात, मोडक्या भिंतीआड, आणि बोका मोकाट. तिनं पाटी घेतली आणि ती येसूच्या भिंतीपाशी गेली. दोन पिलं उचलायची, घरी आणायची, या वेळी पहारा द्यायला रोज स्वतः बसायचं. ती भगदाडाशी वाकली.

आतून आवाज येत होता. मांजरीचा घशातला घुरघुर आवाज, संथ, आणि त्यात मिसळलेली पिलांची चुटूचुटू. पान्हा परत फुटला होता.

सगुणा तशीच वाकून राहिली. पाटी तिच्या हातात होती. मग ती सरळ उभी राहिली आणि रिकामी पाटी घेऊन घरी आली. सगुणानं आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. ती चार पावलं रिकाम्या हातानं परत आली, ते.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपलं विणकाम येसूच्या अंगणात मांडलं. भगदाडापासून लांब, चिंचेखाली. सकाळ-संध्याकाळ ती दूधभाताची वाटी भिंतीशी ठेवी आणि मागं फिरे. आत डोकावत नसे. बोका फिरकला की कामटीनं सूप बडवी, आणि तो पळे. आत कसलाही आवाज आला नाही, की हातातली वीण चुके, उसवावी लागे. पण ती उठली नाही.

गावात मात्र गवगवा झाला. हिच्याकडे मांजरसुद्धा टिकली नाही, उठून गेली, असं लोक म्हणू लागले. सगुणा पाणवठ्यावर जाई, ऐके, घागर भरे आणि घरी येई. तिला वाईट वाटत होतं. पण त्याहून मोठं काम तिच्या हातात होतं.

आधी मांजरी सगुणा पाठमोरी झाल्यावरच वाटीपाशी येत असे. मग ती बसलेली असतानाही येऊ लागली. आणि एका सकाळी भगदाडात दोन डोकी दिसली. चार डोळे, नुकते उघडलेले, धुरकट निळे. सगुणाच्या हातातली कामटी खाली पडली. तिनं ती उचलली आणि खालमानेनं विणत राहिली. ओठांवर आलेलं हसू मात्र तिला आवरेना.

पुढं येसू परत आला. लेकीला मुलगा झाला होता, दोघं सुखरूप होती. म्हातारा आनंदात होता. सगुणानं त्याला अंगणातच गाठलं. पाणी दिलं आणि तो बसायच्या आत बोलून टाकलं.

"बाबा, तुम्ही तीन पिलं दिली होती. दोनच आहेत. तिसरं बोक्यानं नेलं नाही, आजारानं गेलं नाही. मी त्याच्या आईला बांधून ठेवलं होतं. माझ्या भयानं गेलं ते."

येसूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मडकी आव्यात भाजत असताना मीही घाबरून मधेच उकरून बघायचो, पोरी. किती फुटली, त्याची मोजदाद नाही." आणि थोडं थांबून, "पिलू गेलं याचं मला वाईट वाटतंय. ते वाटणारच. पण दुसऱ्या कुणी हे मला सांगितलं नसतं."

तो म्हणाला, की दोघांतलं एक पिलू तू ने, तुझं म्हणून वाढव. सगुणानं मान हलवली. "मी नेणार नाही," ती म्हणाली. "त्याला यावंसं वाटलं तर येईल."

पावसाळा आला आणि गेला. पिलं मोठी झाली, भिंतींवरून उड्या मारू लागली. एके दुपारी सगुणा ओसरीवर सूप विणत बसली असताना त्यांतलं एक आलं. इकडंतिकडं हुंगलं, तिच्या पायापाशी दोन वेटोळी घेतली आणि तिच्या लुगड्याच्या काठावर डोकं ठेवून झोपलं. सगुणाचा पाय आखडला, मुंग्या आल्या, पण ते स्वतःहून उठेपर्यंत तिनं तो हलवला नाही.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: जीव जपायचा तर हात उघडा असावा, भयानं आवळलेल्या मुठीत तो गुदमरतो.