ज्याचं त्याचं कुलूप

फार पूर्वी शालावती नगरीवर अरिंजय राजाची सत्ता होती, त्या जन्मी बोधिसत्त्व तिथल्या कारागृहाचे बंदीपाल होते. कैदी, कोठड्या, पहारा, सगळं त्यांच्याच हाताखाली. आणि त्यांच्या खालोखाल होता पहारेकऱ्यांचा नाईक दंडक. हा माणूस सकाळी उठायचा तो वैतागलेलाच उठायचा.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! शालावतीत एक चालच पडली होती. कैदी पळाला, की ज्याच्या पहाऱ्यात पळाला त्या पहारेकऱ्याच्या पायात त्याच बेड्या घालायच्या आणि उरलेली शिक्षा त्याने भोगायची. त्यामुळे सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. एकाचा दुसऱ्यावर काडीचा विश्वास नाही. मग काय, प्रत्येक पहारेकऱ्याने मुख्य दाराच्या गजांना स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पाळी संपली तरी कुलूप काढायचं नाही. आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती कोण देणार? दार एक आणि कुलुपं किती, तर लोंबणाऱ्या पडवळांसारखी! कैद्यांचं जेवण आत न्यायचं तर साऱ्या पहारेकऱ्यांना घरून बोलवावं लागे. शेवटी गजांतूनच भाकऱ्या सरकवायला लागले. याला म्हणे बंदोबस्त!

दंडक साऱ्यांवर खेकसायचा, पण त्याच्या डोक्याला खरा ताप होता तो बोधिसत्त्वांचा. ते मात्र रोज साऱ्या पहारेकऱ्यांना बोलावून सगळी कुलुपं उघडायला लावायचे, आत जायचे, कैद्यांच्या पंगतीला बसायचे. वर जेवणापुरत्या सगळ्यांच्या बेड्या काढायला सांगायचे.

"स्वामी, हे चोर आहेत, जावई नव्हेत," दंडक करवादला.

"जेवताना माणसाच्या पायात लोखंड नको, दंडका. आणि ती कुलुपं कमी कर. एक चांगलं पुरे. किल्ली दाराशीच राहू दे."

"तुम्हाला काय जातंय सांगायला! कुणी पळाला तर बेड्या माझ्या पायात पडतील. घरात दोन मुली आहेत माझ्या. त्यांना कोण खायला घालणार, तुमची दया?"

बोधिसत्त्व पंगतीत भाकऱ्या वाढू लागले. ते असे वाद सोडून कामाला लागले की दंडकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भांडायला समोर माणूस तरी हवा ना!

एके दिवशी उन्हाळ्यात, भर दुपारी, आत पंगत बसलेली असताना मुदपाकखान्याच्या चुलीतली ठिणगी छपरावर उडाली. गवताचं छप्पर ते, बघता बघता पेटलं. दारापाशी कैद्यांचा लोंढा आला, गजांना धरून माणसं ओरडू लागली. बोधिसत्त्वही आतच होते; ते आत गेल्यावर पहारेकरी आपापली कुलुपं पुन्हा लावून पांगले होते.

दंडकाने आपलं कुलूप काढलं. हजर होते त्यांनी आपापलं काढलं. बाकीची? एक पहारेकरी घरी झोपलेला, एक बाजारात, आणि एक तर कुलूप लावून तसाच मेहुणीच्या लग्नाला सासुरवाडीच्या वाटेला लागलेला, किल्लीसकट! दंडकाने कपाळावर हात मारला. कुलुपावर दगड घातला, तर दगडच फुटला.

"दंडका," आतून बोधिसत्त्वांचा आवाज आला. ते खोकत होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. "तुझं पट्टे शिवायचं दाभण कुंभीलच्या हातात दे."

कुंभील हा शालावतीतला नामांकित घरफोड्या. त्याला आत टाकताना नगराने मिठाई वाटली होती.

"डोकं फिरलंय का तुमचं?" दंडक ओरडला. "घरफोड्याच्या हाती दाभण देऊ? मी? माझ्या हाताने?"

"आत माणसं आहेत, दंडका."

दंडकाने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मागे राजाचा कायदा आणि घरी दोन मुली. पुढे गजांतून बाहेर आलेले हात. त्याने बोधिसत्त्वांना, कुंभीलला, लग्नाला गेलेल्या पहारेकऱ्याला आणि त्याच्या मेहुणीलाही शिव्या घातल्या, आणि दाभण दिलं.

कुंभीलने गजांतून हात काढले. "नाईक, कुलूप नीट वर धरा. हलवू नका हो!" शालावतीच्या पहारेकऱ्यांचा नाईक एकेक कुलूप उचलून धरत होता आणि घरफोड्या ते उघडत होता. "हे कुणी घेतलं? फसवलंय तुम्हाला दुकानदाराने." दंडकाने दात आवळले.

शेवटचं कुलूप पडलं, दार उघडलं, माणसं एकमेकांना ओढत बाहेर आली. सर्वांत शेवटी बोधिसत्त्व आले, एका म्हाताऱ्या कैद्याला खांद्यावर घेऊन. मागे छप्पर कोसळलं. कैदी अंगणात खोकत पडले होते. पळायचं त्राण कुणात होतं? एकाच्या अंगात मात्र होतं. मोजदाद झाली तेव्हा कुंभील नव्हता.

"पळाला!" दंडक किंचाळला. "मी सांगत नव्हतो? घसा कोरडा पडला माझा सांगून सांगून! पळाला तो!"

भुवया जळालेल्या चेहऱ्याने बोधिसत्त्व म्हणाले, "पळाला खरा. पण जिवंत पळाला, दंडका."

राजा आला. पहारा कुणाचा होता, म्हणून विचारलं.

"दाभण द्यायला मी सांगितलं, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले आणि त्यांनी पाय पुढे केला. "बेड्या माझ्या."

दंडक गप्प राहिला असता तर सुटला असता. मुलींचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे होते. पण त्याला काही ते जमेना. "अर्धंच सांगतायत हे, महाराज!" तो उखडला. "पहारा माझा, दाभण माझं, दिलं मी! घाला मला बेड्या. कंटाळलो मी या भीतीला! या भीतीपायी आज सगळी माणसं कोळसा झाली असती!"

बेड्यांसाठी भांडणारी माणसं राजाने कधी पाहिली नव्हती. तो चिडून म्हणाला, "पळाला एक, बेड्या एकालाच. बोला, कुणाला?"

"मला," बोधिसत्त्व म्हणाले. "कारागृह माझ्या हाती होतं आणि मागे रडणारं मला कुणी नाही. फक्त एवढं द्या, महाराज, की पहारेकऱ्याच्या पायात पडणारी ही शेवटची बेडी असावी."

राजाने ते मान्य केलं. बोधिसत्त्वांनी कुंभीलची उरलेली शिक्षा भोगली. बंदीपाल झाला दंडक. नव्या दाराला त्याने एकच कुलूप लावलं. रोज दुपारी तो आत जायचा, जुन्या स्वामींच्या बेड्या जेवणापुरत्या स्वतः काढायचा, शेजारी पानावर बसायचा आणि जेवण संपेपर्यंत त्यांना बोल लावायचा. बोधिसत्त्व ऐकून घ्यायचे.

पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "विहाराच्या कोठीला गाठीवर गाठ मारणारा आणि दिवसभर सर्वांवर करवादणारा हा तुमचा कोठीवाला भिक्खू, तो तेव्हाचा दंडक. विहाराला जमीन देणारा उपासक, तो तेव्हाचा अरिंजय राजा. बंदीपाल होतो तो मीच."

"आणि कुंभील?" कोठीवाल्याने विचारलं, अजूनही रागातच.

"तो जन्मामागून जन्म अजून पळतोच आहे," शास्ता म्हणाले. "थकून कधी दाराशी आला, तर त्याला आत घे. पळून गेलेल्यासाठीही जिचं दार बंद होत नाही, ती करुणेची पूर्णता, पारमिता."