चिमाबाईंचा दुसरा प्रश्न

"मग काय, खोटं सांगायला हवं होतं का मी, सर?"

डॉक्टर सरनोबत हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. मग चष्मा काढून तोही पुसला.

आल्हादला सरांचं हे गप्प राहणं सोसत नसे. सुवर्णपदक घेऊन तो या घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात वर्षभरासाठी आला होता, तो केवळ सरनोबतांच्या हाताखाली शिकायला. चार महिने झाले होते, आणि सरांनी आपल्याला अमुक एक गोष्ट शिकवली असं त्याला सांगता आलं नसतं.

"त्या चिमाबाईनं विचारलं, मी सांगितलं," तो म्हणाला. "लिव्हर आकसलेलं. पोटात पाणी झालेलं. असे निम्मे रुग्ण दोन वर्षांत जातात. मी तिचे रिपोर्ट मांडले, आजार किती पुढं गेलाय त्याचे गुण काढले. ती त्यातल्या वाईट बाजूला आहे. हे सगळं मी तिला सोप्या मराठीत सांगितलं."

"बरं."

"आता ती म्हणते, घरी सोडा. हाय खाल्ली असणार. पण त्याला मी काय करू?"

"आणखी काय विचारलं तिनं?"

"काही नाही." आल्हाद थांबला. "म्हणजे... चुलीपुढं बसता येईल का, असं काहीतरी."

"मग?"

"त्याचं उत्तर पुस्तकात नसतं, सर. मी पुढच्या खाटेकडे गेलो."

सरनोबतांनी चष्मा चढवला. "चल," म्हणाले.

चिमाबाई ढेबे खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई. दारूचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही. जुन्या काविळीचा विषाणू अंगात दबा धरून राहिला आणि त्यानं लिव्हर सुकवलं. पुण्याला जाऊन लिव्हर बदलून घेण्याची गोष्ट निघाली, तेव्हा त्यांनी ती माशी वारावी तशी हातानं वारली होती. कालच त्यांच्या पोटातून पाच लिटर पाणी काढलं होतं. खाटेच्या पायथ्याशी नवरा उभा होता, कोंडिबा. म्हशी राखणारा, उंच, अबोल माणूस.

सरनोबत स्टुलावर बसले.

"चिमाबाई, चुलीपुढं कशाला बसायचंय तुम्हाला?"

चिमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कोंडिबा जमिनीकडे पाहू लागला.

"ह्यास्नी शिकवायचंय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली लग्नाला, ह्यांनी च्या सुदिक केला न्हाई. पोरबाळ न्हाई आमाला. म्या गेल्यावर कोन घालनार खायला? जात्याल म्हशीच्या दुधावर दिस काढत." जरा दम घेतला. "म्हनून ह्या डाक्टरास्नी इचारलं, किती दिस हायेत. भाकरी थापायला शिकायचं, कालवण करायला शिकायचं... हातच वळंना ह्यांचा. वेळ लागनार."

आल्हाद खाटेजवळ सरकला.

"डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे," सरनोबत म्हणाले. "निम्मे लोक दोन वर्षांत जातात. तुमची तब्येत नाजूक आहे. त्याच्या आत काहीही होऊ शकतं. काही जण पाच वर्षंही काढतात. तुमचं नेमकं काय होईल, ते मला कळत नाही."

"व्हय."

"आता चुलीचं. पाणी काढल्यावर आठ-दहा दिवस पोट हलकं राहतं. तेवढ्यात बसा चुलीपुढं. पोट परत तटतटलं, दम लागला, की या. पाणी काढू, की पुन्हा बसा. कालवणात मीठ घालायचं नाही, म्हणजे पाणी सावकाश भरेल. ताप आला, पोट दुखलं, शौचाला काळी झाली, किंवा तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, तर त्याच दिवशी आणायचं." शेवटचं त्यांनी कोंडिबाकडे बघून सांगितलं.

कोंडिबानं मान हलवली. मग पहिल्यांदाच बोलला.

"धूर लई हुतो. डोळं जळत्यात."

"व्हईल सवय," चिमाबाई म्हणाल्या.

त्या घरी गेल्या. आणि पंधरा-वीस दिवसांनी परत आल्या. अशाच येत राहिल्या.

दर खेपेला पाणी आल्हादच काढायचा. सुई लावली की तास-दोन तास जायचे, आणि चिमाबाई निजल्या निजल्या शिकवणीची हकिगत सांगायच्या. पहिल्या महिन्यात भाकरी तव्याला चिकटली. दुसऱ्यात फुगली, पण एकाच अंगानं. हुलग्याचं माडगं जमलं, तर भाजी करपली. एकदा कोंडिबानं बोटं भाजून घेतली, तेव्हा आल्हादनं नवऱ्याच्या हाताला मलम लावलं आणि बायकोच्या पोटातलं पाणी काढलं, एकाच खोलीत. त्या दिवशी चिमाबाई इतक्या हसल्या, की नळी हातानं धरून ठेवावी लागली.

आल्हादचं वर्ष भरलं. तो गेला नाही. का, ते सरांनी विचारलं नाही.

शिकवणीच्या तेराव्या महिन्यात एका मंगळवारी कोंडिबानं त्यांना जीपमध्ये घालून आणलं. ताप होता. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. आल्हादनं त्याच तासाला औषध सुरू केलं. चुकलं काहीच नाही. गुरुवारी दुपारी चिमाबाई गेल्या. आल्हाद खाटेपाशीच होता.

मृत्यूचा दाखला पुरा करताना त्यानं तारखा ताडून पाहिल्या. दोन वर्षांच्या आत. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्यानं सही केली आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावलं नाही...

तीन आठवड्यांनी कोंडिबा आला. ओपीडीची वेळ होती. त्यानं टेबलावर डबा ठेवला, झाकण उघडलं. दोन गोल भाकऱ्या, आणि हुलग्याचं कालवण.

"दोघांसाठी आनलंय," म्हणाला.

सरनोबतांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. आल्हादनंही घेतला.

भाकरी मऊ होती. कालवणाला लसणाचा वास होता, मिरचीही बेताची. पण ते साफ अळणी होतं.

"बाबा, तुम्ही अजून मिठाशिवाय खाता?" आल्हादनं विचारलं.

"तिनं शिकवलं तसंच करतो." कोंडिबा डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिला. "मीठ कवा घालायचं, केवढं घालायचं, ते तेवढं ऱ्हायलं."

"तुम्हाला मीठ चालतं. दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत काही हरकत नाही."

कोंडिबानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला काही उमगलं नव्हतं. पण तो हलला नाही, वाट पाहत उभा राहिला.

आल्हादनं सरांकडे पाहिलं.

बाहेर बाकावर रुग्णांची रांग लागली होती. सरनोबतांनी हातातला तुकडा संपवला, बोटं पुसली आणि आल्हादच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"ओपीडी मी बघतो. तू यांच्याबरोबर घरी जा, आणि चव घेऊन सांग."