वाळूत रोवलेला बाण

त्या काळी केवलपुरी महाराजांचा मुक्काम नर्मदाकाठी आमलीपाड्यात होता. नदीचे वरचे खोरे पाहायला निघालेला पहिला गोरा साहेब तिथूनच पुढे गेला. वाट दाखवायला त्याने पाड्यातला खात्र्या भिल्ल बरोबर घेतला. निघताना महाराजांनी खात्र्याच्या कमरेला धुनीची चिमूटभर राख बांधली. साहेबाचे मुनशी त्रिंबकराव नाक मुरडून म्हणाले, "राखेनं वाट सापडते होय रे?" खात्र्या नुसता हसला.

पण वर जाऊ लागले तसा त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. रानात ढोल वाजत होते, झाडीतून डोळे रोखलेले होते आणि साहेबाच्या शिपायांचे हात बंदुकीवरून निघत नव्हते. पुढच्या वळणावर त्याच्या बहिणीचे, दहलीचे, सासर होते.

तिथेच सणसणत एक बाण आला आणि साहेबाच्या पुढ्यात वाळूत रुतला.

"हल्ला!" मुनशी ओरडले.

"नाही दादा!" खात्र्या म्हणाला. "ही या पाड्याची रीत आहे. पाहुण्याच्या पायापुढं बाण रोवतात. तो उपटेपर्यंत पाहुण्याचा जीव पाड्यानं सांभाळायचा!"

"बाणानं कुठं पाहुणचार होतो? तू त्यांचाच!" मुनशींनी त्याला झाडाला बांधायला लावले. साहेबानेही मुनशींचेच ऐकले. एवढ्यात समोरून माणसे वाळूत उतरली. सर्वांच्या पुढे दहली, डोक्यावर पाण्याची घागर. बंदुका रोखल्या गेल्या.

"महाराज, माझी बहीण आहे हो!" खात्र्याने टाहो फोडला.

चाप ओढले गेले. आणि काय ती लीला! ना बार, ना धूर. नळ्यांतून भुरभुर राख सांडली! दहली तशीच चालत आली, तिने मुनशींच्या पायांवर पाणी घातले आणि मग भावाचे दोर सोडले.

साहेबाला त्या पाड्यातच ठेवून मुनशी खात्र्याला घेऊन तडक आमलीपाड्याला परतले. महाराज धुनीपाशी बसले होते. त्यांचे दोन्ही तळहात भाजून काळे पडले होते आणि तळहातांना बंदुकीच्या दारूचा वास येत होता. खात्र्या ते पाहून हमसून हमसून रडू लागला.

"महाराज," मुनशी कसेबसे बोलले, "त्या माणसांना मी आता तोंड कसं दाखवू?"

महाराज म्हणाले, "बाण अजून वाळूतच आहे, मुनशीजी. कुणी उपटलेला नाही. तुम्ही अजून त्यांचे पाहुणेच आहात."

त्रिंबकरावांनी पगडी उतरवली आणि धुनीपुढच्या राखेत कपाळ टेकले.